रामबागेतला ८०७ : जुना हॅम-रेडिओ अ‍ॅम्प्लिफायर उघडण्यापूर्वी

सुरुवातीलाच एक विनंती करतो, गोष्ट मग सांगतो. घरच्या माळ्यावर, गच्चीवरच्या खोलीत किंवा वाडा पाडताना एखादा जुना बिनतारी यंत्राचा लोखंडी डबा हाती लागला, तर 'चालतो का बघू' म्हणून त्याची पिन बोर्डात घालू नका. साध्या रेडिओच्या बाबतीत ही घाई बहुतेक वेळा यंत्राच्या जिवावर बेतते. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत ती माणसाच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या मंडळात वाडे, नाणी, मोडी कागद यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्यातला नाही. पिथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये उभं आयुष्य गेलं, इतिहास हा नंतर लागलेला नाद. त्यामुळे रामबागेतल्या एका घरातून नातवाचा फोन आला की "काका, आजोबांचा ट्रान्समीटर सापडलाय, कबाडीवाला ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचे पैसे देतोय, काय करू?", तेव्हा मंडळानं तो माझ्याकडे वळवला. हा लेख म्हणजे त्या डब्याबरोबर घालवलेल्या चार महिन्यांचा हिशोब. आजोबांचं नाव आणि कॉलसाइन घरच्यांच्या इच्छेवरून देत नाही.

सापडला तो ट्रान्समीटर नव्हता, त्याच्या पुढे जोडायचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर होता. हातानं कापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसिसवर दोन ८०७ व्हॉल्व्ह, मागे भला मोठा ट्रान्सफॉर्मर, पुढे दोन मीटर, तीन नॉब. सोबत पत्र्याच्या पेटीत लॉगबुकं आणि पोर्सेलिनच्या होल्डरात बसवलेला एक बल्ब. नातवाला तो बल्ब कशाचा ते कळेना. आजी आतून म्हणाल्या, "तो टाकू नका हं. हे बोलायला लागले की तो दिवापण बोलायचा."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. पुढे त्याच्याकडे येतो.

इंदूर आणि रेडिओ

इंदूरच्या आसपास रेडिओची वस्ती तशी जुनी आहे. महूला लष्कराचं सिग्नल्सचं प्रशिक्षण १९४६ पासून आहे, १९६७ पासून त्या संस्थेला मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग म्हणतात. मालवा हाउसमधलं आकाशवाणी केंद्र १९५५चं. सुखनिवासला १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली, तेच आता राजा रामण्णांच्या नावानं ओळखलं जातं. या तिन्ही ठिकाणांबद्दल लिहिलेलं सापडतं. घराच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हातानं यंत्र जोडणाऱ्या हौशी माणसांबद्दल मात्र जवळजवळ काही नाही. त्यांचा कागद म्हणजे लॉगबुक, आणि त्यांची वास्तू म्हणजे हा असला डबा.

त्यातही हे डबे फार कमी उरलेत आणि त्याला कारण आहे. १९३३च्या कायद्यानं बिनतारी यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी लोकांचे परवाने थांबले, यंत्रं जमा करावी लागली. १९४२च्या चळवळीत मुंबईहून काँग्रेस रेडिओ बोलू लागला, त्याच्यामागे उषा मेहता आणि सहकाऱ्यांबरोबर नरिमन प्रिंटर हे हॅमही होते. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिस येईपर्यंत जागा बदलत बदलत तो चालला. त्याची लहर ४२.३४ मीटर. तीनशेला ४२.३४नं भागा, ७.०८५ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आजही देशभरचे हॅम सकाळी जिथे गप्पा मारतात तो चाळीस मीटरचा पट्टा! अशा पार्श्वभूमीवर घरातला परवानाधारक गेला की मागे राहिलेल्यांना या यंत्राची धास्तीच वाटायची. 'नको ती भानगड' म्हणून कितीतरी संच परस्पर भंगारात गेले.

युद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल 'डिस्पोजल' म्हणून बाजारात आला. ८०७ हा अमेरिकेत १९३६ साली आलेला व्हॉल्व्ह, युद्धात दोस्तांच्या यंत्रांत तो सर्रास वापरला गेला आणि म्हणून डिस्पोजलमध्ये स्वस्त मिळे. लाउडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तोच. डोक्यावर धातूची टोपी, तिच्यातून प्लेटला वीज, खाली पाच पिना, हीटरला ६.३ व्होल्ट. इतका सोशिक व्हॉल्व्ह की एका पिढीच्या हॅमनी त्याच्या तोंडून दुप्पट काम काढून घेतलं आणि त्यानं ते केलं.

हा डबा करतो काय?

बोलण्याच्या यंत्रातून, समजा, दहा वॉट निघतात. अ‍ॅम्प्लिफायर त्याचे शंभर करतो. ऐकणाऱ्याला दहापट मोठं ऐकू येतं का? नाही. दहापट शक्ती म्हणजे दहा डेसिबल. हॅमच्या रिसीव्हरवरचा एस-मीटर साधारण सहा डेसिबलला एक घर चढतो, म्हणजे पुरती दोन घरंसुद्धा नाहीत. शंभराचे चारशे केले तर एक घर. मग एवढा खटाटोप कशाला? कारण हवेत कडकडाट असताना, आवाज गोंगाटाच्या वर येतो की खाली बुडतो हे त्या एका-दोन घरांवरच ठरतं. किल्लारीच्या भूकंपानंतर, सप्टेंबर १९९३च्या अखेरीस, हॅम लोकांनी निरोप पोचवले तेव्हा पलीकडचा ऐकू येणं याला किती किंमत होती ते वेगळं सांगायला नको.

ही वाढ करायला व्हॉल्व्हला उच्च दाबाची एकदिश वीज लागते. आमच्या डब्यात ती ७०० व्होल्टच्या घरात होती. घरातल्या २३० व्होल्टचा झटका बसला तर पुष्कळदा माणूस वाचतो, म्हणून आपल्या मनात विजेबद्दल एक खोटी बेफिकिरी असते. इथे ती चालत नाही.

पहिला महिना : वीज न लावता

पहिला महिना मी पिन लावलीच नाही. नातू कंटाळला. पण जुन्या यंत्राचं बंद असतानाच जास्त वाचता येतं.

तळाचं झाकण काढलं. आधी फोटो, सगळ्या बाजूंनी, चांगल्या उजेडात. मग मऊ ब्रशनं कोरडी धूळ. ओला फडका नाही, गंजाचा स्प्रे नाही. उच्च दाबाच्या भागात तेलाचा थर राहिला की त्यावर धूळ चिकटते आणि तिच्यातून वीज वाट काढते. चिनीमातीच्या इन्सुलेटरवर केसासारखी काळी रेघ दिसली तर ती पुसून जात नाही. ती कोळशाची वाट असते आणि तिच्यावरून वीज पूर्वी धावलेली असते. आमच्याकडे बँड-स्विचच्या एका वेफरवर अशी रेघ होती. लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर आजोबांनी दोषांची यादी ठेवली होती, पेन्सिलीनं, अर्धी मराठी अर्धी इंग्रजी. तिच्यात नोंद सापडली : पावसाळा, २८ मेगाला चरचर, स्विच. डब्याचं आणि कागदाचं म्हणणं जुळलं की जो आनंद होतो, तो शिलालेख वाचणाऱ्यांना कळेल.

मग कंडेन्सर. उच्च दाबाच्या पुरवठ्यात १०० मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकामागे एक जोडलेले. एकत्र ५० मायक्रोफॅरड. ७०० व्होल्टला त्यात सुमारे १२ ज्यूल साठतात. आकडा लहान वाटतो, पण तो एका क्षणात छातीतून गेला तर पुरतो. म्हणून शहाणा बनवणारा त्यांच्यावर एक मोठा वायरवाउंड रेझिस्टन्स जोडून ठेवतो, त्याला ब्लीडर म्हणतात. स्विच बंद केला की साठलेली वीज त्यातून वाहून जाते. आमच्याकडे तो ५० हजार ओहमचा. ५० मायक्रोफॅरडशी गुणा, अडीच सेकंद येतात. त्याच्या पाचपट, म्हणजे बारा-तेरा सेकंदांत डबा रिकामा.

मल्टीमीटर लावला. ब्लीडर उघडा. आत तार तुटलेली.

ही तार तुटणं नवलाचं नाही. यंत्र चालू असताना ब्लीडर सतत दहा वॉट उष्णता सोसत असतो. वर्षानुवर्षं तापणं-थंडावणं होऊन बारीक तार एके दिवशी सुटते, आणि यंत्र चालत राहतं! आवाजात फरक नाही, मीटरमध्ये फरक नाही. फक्त बंद केल्यावर डबा रिकामा होत नाही, तासन् तास भरलेला राहतो. पोरानं त्या दिवशी पिन लावून, 'चालत नाही' म्हणून काढून, आत हात घातला असता तर? मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याच्याआधी आजी खुर्चीत सरळ झाल्या.

आता जे नेहमी पाळायचं ते इथेच सांगतो. पिन काढा, नुसता स्विच नव्हे. मिनिटभर थांबा. मीटरनं व्होल्ट पाहा. मग सुक्या लाकडी किंवा बेकेलाइटच्या हातभर दांड्याला तांब्याचा आकडा लावून त्याची जाड तार चॅसिसला घट्ट बांधा आणि तो आकडा कंडेन्सरच्या टोकांना, व्हॉल्व्हच्या टोपीला टेकवा. काम चालू असेपर्यंत तो तिथेच अडकवून ठेवा, कारण जुना कंडेन्सर एकदा रिकामा केल्यावरही थोडा पुन्हा भरतो. मोजताना डावा हात खिशात. अंगठी, घड्याळ काढा. एकटे असताना करू नका, आणि सोबतच्याला मेन स्विच कुठे आहे ते आधी दाखवा. मी स्वतः पंचविशीत हे काही पाळलं नव्हतं. एका संध्याकाळी चारशे व्होल्टनं मला स्टुलावरून भिंतीवर टाकलं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर तो डाग अजून आहे, तो मी नातवाला दाखवला. दांड्याचं महत्त्व त्यानं मग विचारलं नाही.

ब्लीडर महाराणी रोडवर मिळाला, २५ वॉटचा. इलेक्ट्रोलिटिक मी बदलले. पुष्कळ जण जुने कंडेन्सर 'जागे' करतात. मोठ्या रेझिस्टन्समधून हळूहळू व्होल्ट चढवत, गळती कमी होत जाते का बघत. तसं होतंही. पण तळ फुगलेला, बुडाशी पांढरी पूड आलेली, त्याला जागं करण्यात अर्थ नाही. जोडीतल्या प्रत्येकावर समान रेझिस्टन्स लावायला विसरू नका, नाहीतर व्होल्ट सारखे वाटले जात नाहीत आणि एक कंडेन्सर दुसऱ्याचा भार घेऊन फुटतो. आणि पत्र्याच्या चौकोनी डबीतले जुने तेलाचे कंडेन्सर असतील, तेल झिरपत असेल, तर उघड्या हातानं शिवू नका. त्या काळी त्यात पीसीबी नावाचं विषारी तेल भरत.

कोणाच्या डब्यात ८६६ असेल, म्हणजे चालू असताना निळा उजेड देणारा पाऱ्याचा रेक्टिफायर, तर तोही जपून. वाहतुकीत आडवा झाला की पारा वर उडून प्लेटला चिकटतो. बसवल्यावर आधी अर्धा तास नुसता फिलामेंट तापवायचा, उच्च दाब नंतर. फुटलाच तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका.

व्हॉल्व्ह दोषी नसतो

जुनं यंत्र चालेना की लोक आधी व्हॉल्व्ह बदलायला धावतात. माझा अनुभव उलटा आहे. व्हॉल्व्ह शेवटी मरतो, आणि तोही दुसऱ्या कोणाच्या चुकीनं.

८०७ला प्लेट, स्क्रीन आणि ग्रिड अशा तीन जागी तीन वेगळे व्होल्ट लागतात. प्लेटला ७००, स्क्रीनला ३००, ग्रिडला उणे तीसच्या आसपास. यातला ग्रिडचा उणे दाब म्हणजे व्हॉल्व्हचा लगाम. तो गेला की प्लेट लाल होऊन काही मिनिटांत व्हॉल्व्ह खलास. म्हणून पहिल्यांदा वीज लावायची ती फक्त हीटर आणि ग्रिडच्या पुरवठ्याला. उणे व्होल्ट दोन्ही व्हॉल्व्हच्या पिनेवर पोचतात का ते प्रत्यक्ष पाहायचं. पुरवठ्यापाशी आहेत म्हणजे पिनेवर आहेत असं नाही, मधला रेझिस्टन्स उघडा असू शकतो. स्क्रीनचं उलटं : प्लेटला वीज नसताना स्क्रीनला दिली तर सगळा प्रवाह स्क्रीनच ओढते आणि तिची नाजूक जाळी वितळते. टोपीची क्लिप सैल असली तरी हेच होतं. एवढ्याशा क्लिपपायी चांगले व्हॉल्व्ह गेलेले आहेत.

मीटर कसा वाचायचा? इनपुट काही नसताना आमच्या जोडीनं मिळून चाळीस ते साठ मिलिअँपिअर घ्यायला हवेत. काहीच नाही, तर स्क्रीनचे व्होल्ट आणि फ्यूज बघा. खूप जास्त, तर लगाम सुटलाय, किंवा आधीच्या टप्प्याकडून येणारा कंडेन्सर गळतोय आणि ग्रिडला अधिक व्होल्ट घुसवतोय. हा कागदी कंडेन्सर आमच्याकडेही गळत होता. मीटर चढत-उतरत नाचतोय, हात जवळ नेला की बदलतोय, तर व्हॉल्व्ह आपल्याच मनानं गातोय, म्हणजे ऑसिलेट होतोय. टोपीच्या तारेत एक लहान कार्बन रेझिस्टन्स असतो, त्याच्यावर चार वेढे तार गुंडाळलेली. तो करपलेला दिसला तर ही सवय जुनी आहे असं समजा. त्याच किमतीचा कार्बनचाच लावा, वायरवाउंड नको.

काचेत निळं दिसलं तर घाबरायचं का? काचेच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेला निळा उजेड निरुपद्रवी. मधोमध, पत्र्यांच्या फटीत जांभळं धुकं दिसलं तर आत हवा शिरलीये. तो व्हॉल्व्ह काढून शोकेसमध्ये ठेवा.

अँटेनाची बाजू

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. व्हॉल्व्हच्या प्लेटवर ७०० व्होल्ट आणि रेडिओचा सिग्नल दोन्ही एकत्र असतात. अँटेनाकडे फक्त सिग्नल जावा म्हणून मध्ये एक कंडेन्सर असतो, तो सिग्नल सोडतो, एकदिश वीज अडवतो. हा कंडेन्सर शॉर्ट झाला तर ७०० व्होल्ट सरळ अँटेनाच्या तारेवर, म्हणजे गच्चीवर, जिथे कोणीतरी कपडे वाळत घालत असेल. यावर तोडगा साधा आहे : बाहेरच्या सॉकेटपाशी एक चोक जमिनीला जोडायचा. सिग्नलला तो अडवतो, एकदिश विजेला मोकळी वाट देतो. कंडेन्सर शॉर्ट झाला की वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. तुमच्या डब्यात हा चोक आहे का बघा. असला तर ओहममीटरनं तो जोडलेला आहे का बघा. नसला तर लावा. जुन्याला हात लावायचा नाही हा माझा नियम इथे मी मोडतो आणि मोडायला सांगतो. आजोबांनी तो लावला होता, आणि त्याचं एक टोक सुटलेलं होतं.

बाकी टँक सर्किट. एक बदलता कंडेन्सर, कॉइल, दुसरा बदलता कंडेन्सर. पहिला फिरवत गेलं की एका जागी प्लेटचा प्रवाह खाली बसतो, हा डिप. मग दुसऱ्यानं भार वाढवायचा, पुन्हा पहिल्यानं डिप शोधायचा, असं दोन-तीनदा. डिप सापडेपर्यंत सगळी शक्ती प्लेट तापवण्यात जाते, म्हणून इनपुट कमी ठेवा आणि दहा सेकंदांच्या आत शोधा, नाहीतर थांबून थंड होऊ द्या. डिप सापडतच नसेल तर कंडेन्सरची पानं एकमेकांना टेकतायत का, बँड-स्विच नीट बसतो का ते बघा. स्विचवरच्या काळ्या रेघा बहुधा एकाच पापाच्या असतात : बोलत असतानाच बँड बदलणं. रिलेचे संपर्क मात्र पॉलिश पेपरनं घासू नका. जाड कागदाची पट्टी मध्ये धरून ओढा, तेवढं पुरतं.

सिरीज बोर्ड, आणि मग बल्ब

वीज लावायचा दिवस आला. आपल्याकडच्या वायरमनचा सिरीज बोर्ड, म्हणजे मेनच्या वाटेत एक शंभर वॉटचा बल्ब, हे साधन मला फार आवडतं. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि यंत्र वाचतं. डिमरस्टॅट असेल तर आणखी छान. पण एक खोच आहे. व्हॉल्व्हचा रेक्टिफायर फिलामेंट पुरता तापल्याशिवाय वीज सोडतच नाही. त्यामुळे डिमरस्टॅट हळूहळू वर नेला तरी उच्च दाब मात्र एकदम येतो. म्हणून पहिल्या चाचणीपुरते मी रेक्टिफायर काढून त्याच्या जागी तात्पुरते सिलिकॉन डायोड लावले, व्होल्ट पायरीपायरीनं चढवले, पूर्ण दाबाच्या बरेच आधी थांबलो आणि मग मूळ रेक्टिफायर परत बसवला.

ही चाचणी अँटेनावर नाही. हवेत बोलायला केंद्र सरकारचा हौशी रेडिओ परवाना लागतो, आणि तो यंत्राला नसतो, माणसाला असतो. आजोबांचा त्यांच्याबरोबर गेला. म्हणून शहरातला एक परवानाधारक मित्र त्याचा छोटा आधुनिक संच घेऊन आला, आणि अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावला. तो सगळी शक्ती उष्णतेत जिरवतो, बाहेर जवळजवळ काही जात नाही. सात मेगाहर्ट्झला दोन्ही ८०७नी मिळून सत्तरएक वॉट दिले. एवढ्या वर्षांच्या झोपेनंतर! मित्राच्या संचात तेवढ्याच कामाला काडेपेटीपेक्षा लहान ट्रान्झिस्टर आहेत, हे त्यानं तीनदा सांगितलं.

त्याचं म्हणणं खोटं नाही. नव्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ७०० ऐवजी ५० व्होल्ट असतात, माणसाला धोका खूप कमी. पण ते व्हॉल्व्हसारखे क्षमाशील नाहीत. ८०७ची प्लेट लाल होते, तुम्हाला दिसते, तुम्ही हात मागे घेता. ट्रान्झिस्टर सांगत नाही. जास्त इनपुट, बिघडलेली अँटेना किंवा बंद पडलेला पंखा, आणि तो गेला. म्हणून त्यांची देखभाल म्हणजे मुख्यतः पंखे, धूळ, उष्णतेची पेस्ट, घट्ट स्क्रू आणि परत येणारी शक्ती मोजणारं संरक्षण चालू ठेवणं.

आपल्याच गावात याचं मोठं रूप आहे. सुखनिवासच्या इंडस-१मध्ये इलेक्ट्रॉनना जोर द्यायला जी रेडिओशक्ती लागते ती ३१.६ मेगाहर्ट्झची, हॅमचा दहा मीटरचा पट्टा २९.७ला संपतो, म्हणजे अगदी शेजारची. इंडस-२ची ५०५.८ मेगाहर्ट्झची. तिथे सुरुवातीला क्लायस्ट्रॉन नावाचे प्रचंड व्हॉल्व्ह होते, पुढे त्यांची जागा इंदुरातच बनवलेल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरनी घेतली. शेकडो वॉटचे पुष्कळ छोटे डबे, सगळ्यांची शक्ती एकत्र केलेली. एक डबा गेला तर बाकीचे काम ओढतात, तो काढून दुसरा बसवायचा. क्लायस्ट्रॉन गेला की सगळंच थांबे. मेंटेनन्सच्या माणसाला यातलं सुख विचारा!

रामबागेत मात्र एकच डबा होता. त्यातलं जे बदललं ते सगळं मी एका पिशवीत घालून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून चॅसिसला लटकवलं : कुठून काढलं, केव्हा, का. नवे भाग मुद्दाम नवेच दिसतील असे ठेवले. हल्ली काही जण चॅसिस घासूनपुसून रंगवतात, जुन्या कंडेन्सरच्या पोटात नवा लपवतात. दिसायला सुरेख. पण पुढच्या माणसाला त्यातून आजोबा कुठले आणि मी कुठला हे कळणार कसं?

शेवटी तो पोर्सेलिनचा बल्ब. तेव्हाच्या हॅमना ५० ओहमचा डमी लोड परवडत नसे, ते घरचा बल्ब अँटेनाच्या जागी लावून यंत्र जुळवत. शंभर वॉटचा बल्ब तापल्यावर सुमारे ५३० ओहमचा असतो, थंड असताना त्याच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे मोजमापाला वाईट. पण आजींचं वाक्य आता मला नीट ऐकू आलं होतं. मित्राला म्हटलं, संच एएमवर ठेव, जुन्या पद्धतीनं. बल्ब लावला, टँक पुन्हा जुळवला. मंद केशरी उजेड आला. नातवानं माइक धरला आणि काय बोलावं न सुचून स्वतःचं नाव, मोहल्ला आणि तारीख सांगितली. प्रत्येक शब्दाला बल्ब उजळत होता, मध्ये मंदावत होता.

आजी बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे जरा जोरात बोलायचे."

२८ मेगाहर्ट्झचं काम राहिलं आहे. स्विचचा तो वेफर चिनीमातीचा, मापाचा दुसरा अजून मिळालेला नाही. तोवर त्या घरावर लाल चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, आणि कबाडीवाल्याला नातवानं नाही म्हणून कळवलं.